दुसरं पान कुणी मागत नाही

प्राध्यापकांच्या बढतीसाठीच्या स्थाननिश्चितीचा कॅम्प लागला की उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास नुसतं उभं राहावं. मराठी विद्वत्तेचं सध्या काय चाललंय हे समजून घ्यायला मग कुठल्या परिसंवादाला जावं लागत नाही. स्पायरल बाइंडिंगचं यंत्र कुरकुरत असतं, गल्ल्यावर सुट्ट्या पैशांवरून वाद चाललेला असतो आणि रांगेतले सर-मॅडम दुकानातल्या पोराला एकच सूचना देत असतात : ‘‘मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि लेखाचं पहिलं पान. तीन-तीन प्रती.’’ अनुक्रमणिकेत आपल्या नावावर पिवळा मार्कर फिरवायचा, कोपऱ्यात सत्यप्रतीचा शिक्का मारायचा, फाइलमध्ये लावायचं. झालं संशोधन.

दुसऱ्या पानाची झेरॉक्स काढताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. कारण ती कुणी मागतच नाही. पहिल्या पानावर लेखकाचं नाव असतं, हुद्दा असतो, महाविद्यालय असतं, गोषवारा असतो. संशोधन असलंच तर ते दुसऱ्या पानापासून सुरू होणार, आणि तिथे काय लिहिलंय हे बघण्याची जबाबदारी या व्यवस्थेने कुणावरही सोपवलेली नाही. तिथे पुरणपोळीची कृती छापली तरी गुण तेवढेच.

गुणांचं म्हणाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्यावर अन्याय केलेला नाही. २०१८च्या नियमावलीत विज्ञानाच्या एका शोधनिबंधाला ८ गुण आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं यांच्या निबंधाला १० गुण. मानव्यविद्येची सरकारदरबारी एवढी कदर आणखी कुठे झाल्याचं ऐकिवात नाही. पुढचं गणित तर आर्यभटालाही सुचलं नसतं. निबंध एकट्याने लिहिला तर १०. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला सत्तर टक्के, म्हणजे ७ आणि ७, एकूण १४. दहा जणांनी लिहिला तर पहिल्याला ७ आणि उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी ३, बेरीज ३४. माणसं वाढवत जा, निबंध तेवढाच राहतो आणि गुण वाढत जातात. त्यामुळे ‘बहिणाबाईंच्या कवितेतील निसर्ग’ या चार पानी निबंधालाही हल्ली तीन लेखक लागतात. एकाने बहिणाबाई वाचलेल्या असतात, दुसऱ्याने निसर्ग पाहिलेला असतो आणि तिसरे प्राचार्य असतात.

*

आता माल कुठे खपवायचा? त्याची चिंता नको, गिऱ्हाईक घरी येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला निरोप असतोच : सर्व विषय, सर्व भाषा, आंतरराष्ट्रीय, तज्ज्ञपरीक्षित, इम्पॅक्ट फॅक्टर ८ पूर्णांक काहीतरी, आज पाठवा, परवा प्रकाशित, ई-प्रमाणपत्र मोफत. खाली क्यूआर कोड. तज्ज्ञ परीक्षणाला धड नियतकालिकं सहा-आठ महिने घेतात, कधी वर्ष. आमचे तज्ज्ञ शनिवारी रात्री बसतात आणि रविवारी सकाळी उठतात.

त्या इम्पॅक्ट फॅक्टरचीही एक गंमत आहे. जगभर ज्या क्लॅरिव्हेट कंपनीचा हा आकडा प्रमाण मानला जातो, तिने आपल्या कला आणि मानव्यविद्यांच्या सूचीतल्या नियतकालिकांना तो द्यायला सुरुवात केली २०२३ साली. तोवर फक्त त्या सूचीत असलेल्या भल्याभल्या साहित्य-समीक्षेच्या नियतकालिकांनाही तो मिळालेला नव्हता. आमच्याकडे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून एका फ्लॅटच्या हॉलमधून निघणाऱ्या मासिकांच्या मुखपृष्ठावर तो सोनेरी अक्षरांत झळकतोय. त्यांच्या आधी आपण पोचलो होतो, हे कुणीतरी त्यांना कळवायला हवं.

माझ्या टेबलावर आत्ता असा एक विशेषांक पडला आहे. दीडशेहून जास्त निबंध, चकचकीत मुखपृष्ठ. मुखपृष्ठावर महाविद्यालयाची इमारत, वरच्या कोपऱ्यात संस्थेच्या संस्थापकांचा फोटो, त्याखाली विद्यमान अध्यक्षांचा त्याहून मोठा फोटो. परिसंवादाचा विषय : ‘एकविसाव्या शतकातील भाषा, साहित्य, समाज, वाणिज्य, विज्ञान व क्रीडा : दशा आणि दिशा’. सुटलं ते फक्त पशुवैद्यक. सल्लागार मंडळाला दोन पानं. त्यात तीन-चार खंडांतली नावं आहेत, आणि आपण या मंडळावर आहोत हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. त्यालाही दहा गुण मिळतील. मग अनुक्रमणिका. तुकारामांचा विद्रोह, त्याच्या खाली जीएसटीचा किरकोळ व्यापाऱ्यांवरील परिणाम, त्याच्या खाली कबड्डीपटूंची फुप्फुसक्षमता, मग ‘कोसला’तील एकटेपण. अक्षर एवढं बारीक की पांडुरंग सांगवीकरच्या एकटेपणापेक्षा वाचकाच्या डोळ्यांची काळजी वाटावी. तशी वाटण्याचं कारण नाही म्हणा. इथे डोळे लावायला येतंय कोण?

मी लावले. रिकामटेकडेपणाचा हा फायदा. आणि दोनशेव्या पानाच्या पुढे कुठेतरी एक निबंध सापडला. तालुक्याच्या गावच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंचा. धरणाखाली गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. पुनर्वसनानंतर जातं गेलं, पिठाची गिरणी आली, तरी ओव्यांमध्ये जुन्या गावच्या देवळाचं, पाणवठ्याचं, बांधावरच्या झाडाचं नाव तसंच टिकून राहिलं आहे, आणि नव्या वसाहतीचं नाव मात्र एकाही ओवीत नाही, असं त्यांचं निरीक्षण. वा! ज्यासाठी माणूस संशोधनाच्या वाटेला जातो, ती गोष्ट बाईंच्या हाती लागली होती. मी अधाशासारखं पान उलटलं, तर निबंध संपलेला. ओव्या नाहीतच. शेवटी कंसात एक ओळ : पृष्ठमर्यादेमुळे ओव्या दिलेल्या नाहीत. परिसंवादाच्या पत्रकात अट होतीच, चार पानांच्या वर गेल्यास प्रत्येक पानाला दोनशे रुपये जादा.

तासाच्या हिशेबाने मानधन घेणारी बाई, तेही सहा-सहा महिने थकलेलं, ओव्यांसाठी जादा पानांचे पैसे कुठून आणणार? तिने दोन गुणांपुरता निबंध छापला. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी छाननी होते तेव्हा एका निबंधाला २ गुण आणि निबंधांचे जास्तीत जास्त १०. पाच निबंध झाले की काम भागतं. सहावा लिहिणाऱ्याला हिशेब येत नाही असं समजावं. ओव्या तिच्या वहीत राहिल्या, कबड्डीपटूंची फुप्फुसं छापून आली.

या सगळ्या कारभारावर माझा राग आहे तो इथे. बोगस माल छापला जातो याबद्दल मला फारसं काही वाटत नाही. बोगस माल सगळ्याच धंद्यांत असतो. पण त्याच ढिगाऱ्यात खरा माल पुरला जातो, आणि पुरणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. पुण्याला गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायचं काम हातात घेतलं आणि गावोगावच्या बायकांच्या मदतीने तो साठा लाखाच्या वर नेला. ते काम स्थाननिश्चितीच्या कुठल्या रकान्यात बसवायचं, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही.

*

वाङ्मयचौर्याचं काय, असं विचाराल. नियम कडक आहेत. २०१८पासून दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, दहा ते चाळीसला प्रबंध सुधारून आणा, साठच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. तपासायला सॉफ्टवेअर आहे. आता आमच्या मराठीची तयारी बघा. प्रबंध टंकलेखनाला जातो तो वर्षानुवर्षं त्याच काकांकडे, आणि काका श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टवर टाइप करतात. युनिकोड नसलेल्या या फॉण्टमधली अक्षरं पडद्यावर मराठी दिसतात, पण फाइलच्या आत ती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतात. सॉफ्टवेअरला ज्ञानेश्वर दिसत नाहीत, टिंबं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं दिसतात. त्या डॉलरांशी जुळणारा मजकूर त्याला कुठे सापडावा? साम्य : जवळजवळ शून्य. मार्गदर्शक खूश, विद्यापीठ खूश. आणि ज्याच्या पुस्तकातून तिसरं प्रकरण आख्खं उचललं आहे त्या बिचाऱ्या समीक्षकाला पत्ताच नाही, कारण दुसरं पान वाचायला त्यालाही वेळ नाही. तोही निबंध छापतोय.

आयोग झोपला होता असं मात्र म्हणता येणार नाही. उलट तो सारखा दचकून उठत होता. २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, तीस हजारांवर नावं. त्यात विद्यापीठांनी शिफारस करून घुसवलेली जी होती, त्यांतली १,००९ नियतकालिकं पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. ८८ टक्के नापास. हा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढून टाकली. काढून टाकलेल्यांत छापून आलेल्यांचं काय, या प्रश्नाने महाराष्ट्रात जेवढ्या रात्री जागल्या गेल्या तेवढ्या कुठल्या ग्रंथाने जागवल्या नसतील.

मग आली केअर यादी. २०१९पासून. तिचा कक्ष आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच. हेतू चांगला, माणसं चांगली. पण आपल्याकडे यादी निघाली की तिची पळवाटही त्याच प्रेसमध्ये छापून तयार असते. यादीतल्या नियतकालिकांची हुबेहूब खोटी संकेतस्थळं निघाली. तेच नाव, तोच क्रमांक, तोच बोधचिन्हाचा रंग, फक्त क्यूआर कोड दुसऱ्याचा. जी छोटी मराठी त्रैमासिकं यादीत गेली त्यांचं दुखणं वेगळं. काल-परवापर्यंत ज्यांच्या संपादकांच्या वर्गणीदार जमवता-जमवता नाकी नऊ येत होते, त्यांच्या दारात एकाएकी निबंधांचा लोंढा. जुने संपादक चक्रावले. एकाने मला सांगितलं, ‘‘पूर्वी लेख मागायला मी लेखकांच्या घरी खेटे घालायचो. आता लेखक पैसे घेऊन माझ्या घरी खेटे घालतात. आणि गंमत म्हणजे अंकाची वर्गणी भरा म्हटलं की तोंड फिरवतात. छापण्याचे अडीच हजार देतील, वाचण्याचे चारशे नाही.’’ ते संपादक ताठ राहिले. सगळेच राहिले असं नाही. काहींनी दरपत्रक काढलं.

आणि मग यादीच गेली. केअर बंद करण्याचा निर्णय आयोगाच्या ज्या बैठकीत झाला ती ३ ऑक्टोबर २०२४ची, जाहीर झाला फेब्रुवारी २०२५मध्ये. ३ ऑक्टोबर २०२४ या तारखेला आणखी काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे फलक लागले. त्याच दिवशी मराठीत शोधनिबंध कुठे छापावा याची यादी दिल्लीतच निकालात निघाली. आता नियतकालिक कसं निवडावं याचे सुचवलेले निकष आहेत, आणि निवडीची जबाबदारी महाविद्यालयांवर आणि विद्यापीठांवर. म्हणजे तीच मंडळी, ज्यांच्या शिफारशींतली ८८ टक्के नापास झाली होती.

*

निबंधांचं जाऊ द्या, पुस्तकाकडे वळू. पीएच.डी. झाली की प्रबंधाचं पुस्तक करायचं असतं. प्रकाशक मजकुराबद्दल काही विचारत नाही. त्याचा पहिला आणि शेवटचा प्रश्न असतो, ‘‘सर, किती प्रती उचलणार?’’ सर दोनशे उचलतात. प्रकाशक अडीचशे छापतो. उरलेल्या पन्नासांतल्या काही ग्रंथालयांच्या खरेदीसाठी, काही पुरस्कारांसाठी. प्रबंध जसाच्या तसा छापतात, त्यामुळे पुस्तकात प्रकरण पहिले ‘प्रास्ताविक, संशोधनाची गृहीतके व व्याप्ती’ आणि शेवटचे ‘निष्कर्ष व शिफारशी’ असतं. मधल्या ऋणनिर्देशात पत्नी, मुलं, ग्रंथपाल आणि ‘ज्ञात-अज्ञात सर्व’ असतात. एका प्रबंधाच्या पुस्तकात तर ‘सदर प्रबंध विद्यापीठास सादर करण्यात येत आहे’ हेही वाक्य तसंच राहिलेलं मी पाहिलं आहे. मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे पडतात.

आयएसबीएन मात्र हवाच. हा तेरा आकडी क्रमांक भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी यंत्रणा तो देते. तो एवढंच सांगतो की ही वस्तू पुस्तक आहे. चांगलं आहे असं तो म्हणत नाही, कुणी वाचलंय असं म्हणत नाही. लोणच्याच्या पाककृतींच्या पुस्तकालाही तो असतो आणि तलाठी भरतीच्या गाइडलाही. पण आमच्या निवड समित्यांमध्ये त्याचा उच्चार असा होतो की जणू ज्ञानपीठच. ‘‘आयएसबीएन आहे ना? मग ठीक.’’ राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण, आंतरराष्ट्रीयला १२. आंतरराष्ट्रीय व्हायला फार कष्ट नाहीत. परदेशातल्या मागणीनुसार छापून देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर फाइल चढवली की नांदेडचा लेखक, नांदेडचा प्रकाशक आणि नांदेडचा वाचक धरूनही पुस्तक आंतरराष्ट्रीय ठरवायचा प्रयत्न करता येतो. संपादनाला ८. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली, एकोणीस खंड. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली प्रमुख संपादक झाले, आणि हस्तलिखितांशी झगडून त्यांचं एकटं आदिपर्व पुरं व्हायला १९३३ उजाडलं. गुण ८. वर उल्लेखलेल्या दशा-दिशा ग्रंथाच्या संपादकांनाही ८. समता म्हणतात ती हीच.

वाचायला पैसे नाहीत अशी मात्र तक्रार करू नका. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० संस्थांना मोफत. चांगली योजना आहे, वापरावी. फक्त एवढंच करून बघा : आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ किंवा ‘भाषा आणि जीवन’चा चालू अंक मागा. ग्रंथपाल भला माणूस असेल तर म्हणेल, ‘‘वर्गणी संपली आहे सर, बिल लावलंय, मंजुरी यायचीय.’’ भला नसेल तर विचारेल, ‘‘कसलं नवभारत?’’

*

जुन्या लोकांचं कौतुक करायचा मोह मला नाही. पांडुरंग वामन काणे यांना आजचे नियम लावून नापास करण्याची टाळीबाज कोटी आता शिळी झाली. काण्यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३०मध्ये दिला आणि शेवटचा १९६२मध्ये, पण त्यांची चूल वकिलीवर पेटत होती, वेतनश्रेणीसाठी त्यांना कुणाच्या दारात फाइल घेऊन उभं राहावं लागलं नाही. आजच्या तासिकेवाल्या बाईंना काण्यांचा दाखला देणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. शिवाय त्या काळात लिहिणारे कोण होते, कुठल्या वाड्यांतले होते, हेही आपल्याला माहीत आहे. आज वाडी-वस्तीवरची पोरं निबंध लिहितात, ही या सगळ्या बाजारातली चांगली गोष्ट. त्यांच्या हाती बाजारच लागावा, ही वाईट.

पण एक गोष्ट त्या जुन्या मंडळींकडे होती आणि आपल्याकडे नाही. त्यांना शत्रू होते. ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वर एक की दोन, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसं हमरीतुमरीवर आली. जेधे शकावली टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि तिच्यातल्या शिवजन्माच्या एका नोंदीवरून पुढची कित्येक दशकं विद्वान एकमेकांचं तोंड बघेनात. राजवाडे तर भांडल्याशिवाय जेवत नसावेत. तुमचं दुसरं, दहावं, दोनशेवं पान कोण वाचतं? मित्र नव्हे, मित्र ‘छान झालंय’ म्हणतो. ज्याला तुमची चूक काढायची आहे तो वाचतो, तळटिपांसकट वाचतो, रात्री कंदील लावून वाचतो. मूळ कागद काढून ताडून बघतो. मराठी संशोधनाला शिस्त लागली असेल तर त्यात विद्यापीठांपेक्षा अशा खवट शत्रूंचा वाटा मोठा असावा असं माझं मत आहे. आज महाराष्ट्रात दर वर्षी हजारांनी निबंध छापले जातात आणि एकावरही कुणी भांडत नाही. कुणाचं कुणाशी वाकडं नाही. परीक्षण लिहायचं तर लेखकच लिहून पाठवतो, खाली नाव घालायला एखादा मित्र शोधतो. ‘उपेक्षित विषयाला हात घालणारा मौलिक ग्रंथ’ हे वाक्य तर डीटीपीवाल्याकडे तयारच असतं.

आणि आता नवं ऐका. जानेवारी २०२५मध्ये आयोगाने नेमणुका-बढत्यांच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात जुन्या गुणांच्या बेरजेऐवजी नऊ प्रकारची उल्लेखनीय योगदानं सांगितली, आणि त्यांतली निदान चार दाखवा म्हटलं. भारतीय भाषेत शिकवणं, भारतीय ज्ञानपरंपरा, ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मजकूर, समाजसेवा, प्रायोजित संशोधनाचा निधी आणि स्टार्टअप. हो, स्टार्टअप. मोडी वाचणाऱ्या माणसाने मोडी वाचत बसायचं नाही, कंपनी काढायची.

मसुदा वाचून आमच्या विभागातले एक सर हबकले. मी त्यांना धीर दिला, म्हटलं आपल्याकडे त्याला पूर्वपरंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अमेरिकेतल्या कॉर्नेलहून डॉक्टरेट आणली आणि इथे येऊन ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी स्थापन केली. भागभांडवल उभारलं, वर्गणीदार गोळा केले, २३ खंड काढून दाखवले. वर्गणीदारांनी पैसे मोजले होते, त्यामुळे ते खंड उघडून वाचायचे आणि चुका कळवायचे. सरांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. त्यांनी बोटं मोजायला घेतली.

‘‘म्हणजे केतकरांचं स्टार्टअप झालं एक. भारतीय भाषा, ओढूनताणून दोन. ज्ञानपरंपरा धरली तर तीन.’’ मग बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘‘एक कमी पडतंय हो. काही ऑनलाइन केलं होतं का त्यांनी?’’